छत्रीवाला नसलेली पाच पुस्तकं

गच्चीवरून पडलेला कारकून. मनगट मोकळं, घड्याळ खिशात.

जिन्याच्या तळाशी एक शिंपी. गळ्यात मोजपट्टी, घड्याळ खिशात.

बर्फाच्या कारखान्यातला मुकादम. गारठून लाकूड झालेला. खिशातलं घड्याळ चालू.

विष घेतलं की कुणी दिलं, कळत नाही, असा एक गुरांचा डॉक्टर. घड्याळ खिशात.

पाचवा तळ्यात सापडतो. त्याचंही खिशातच.

"पाच पुस्तकं, पाच मुडदे, आणि खुनी एकही सापडत नाही!" तरुण प्रकाशकाने पाची प्रती टेबलावर पत्त्यांसारख्या पसरल्या. "ताई, तुमच्या भावाचा मी लहानपणापासूनचा भक्त. छत्रीवाला गुप्तहेर म्हणजे आपला जीव की प्राण. त्याची एकेचाळीसच्या एकेचाळीस पाठ. ही पाच मात्र परवा पहिल्यांदा वाचली. हादरलो."

ताई मटार सोलत राहिली. भाऊ जाऊन वर्ष झालं होतं. पुस्तकांचे हक्क आता तिच्याकडे होते. नवरा बुडून गेला तेव्हा ती सव्वीसची होती. धाकट्या भावाने तिला आपल्या घरी आणलं. मग चाळीस वर्षं तो पुढच्या खोलीत लिहायचा आणि ती मागच्या खोलीत टाइप करायची. छत्रीवाला प्रश्न विचारून विचारून माणसाला भंडावून सोडायचा. भावाने तिला कधी एक प्रश्न विचारला नाही. ही पाच पुस्तकंही तिनेच टाइप केली, खिशातल्या घड्याळांसकट. तेव्हाही त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

"मग पुन्हा छाप ना," ती म्हणाली. "त्याचा जीव होता या पाचांत."

"छापतोच! फक्त शेवटची दहा-दहा पानं नवी लिहून घेऊ. छत्रीवाला येईल, घड्याळ बघेल, खुनी पकडेल. मरायच्या आधी हे लोक घड्याळ का काढतात, ते लिहायलाच विसरलेत तुमचे बंधू. एवढा मोठा धागा, आणि लोंबकळत सोडलाय!" त्याने करारपत्र पुढे सरकवलं. "नाहीतर गोदामात उरलेल्या जुन्या प्रती लगद्याला जातील, ताई. छत्रीवाल्याशिवाय काळं कुत्रं विचारत नाही यांना."

ताईने हात पुसले. चष्मा लावला. करारपत्र अथपासून इतिपर्यंत वाचलं, त्याची नीट घडी केली आणि मटारच्या सालपटांत खोचली.

"तो विसरणाऱ्यातला नव्हता. छत्रीवाल्याला त्याने एकेचाळीस पुस्तकं गावभर हिंडवलं. या पाच घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. मीही आत घेणार नाही. छापायची तर अशीच छाप."

"अहो, पण वाचकांना उत्तर नको का?"

"नको." तिने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला. "आणि कुणाला हवंच असेल, तर इथे येऊन मला विचारावं. मी सांगेन. विचारायला छत्री कशाला लागते?"

प्रकाशक खो-खो हसला. वयाच्या मानाने ताई भलतीच विनोदी आहे, असं त्याला वाटलं. पुस्तकं गोळा करायला त्याने हात पुढे केला.

"राहू दे ती," ताई म्हणाली. "माझी आहेत."

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात नवऱ्याने तिच्यावर पहिल्यांदा हात उगारला, त्याआधी त्याने मनगटावरचं घड्याळ काढून नीट खिशात ठेवलं. नवं होतं, काचेला तडा जायला नको.