दहापैकी किती

पुष्पाबाई खोटं बोलते, हे नूतनला तिसऱ्याच दिवशी कळलं.

बाईने सकाळी फोनवर दुखणं आठ सांगितलं आणि तिच्या कमरेचा पट्टा सांगत होता पाच. संध्याकाळी बाई म्हणाली चार, पट्टा म्हणाला अडीच. माणूस एकदा चुकेल, दोनदा चुकेल. रोज फुगवून सांगतो त्याला चूक म्हणत नाहीत.

नूतन धुळ्याच्या त्या दवाखान्यात पट्ट्यांचं काम बघायची. पट्ट्यातले सेन्सर पाठीच्या स्नायूंची ओढ, घाम, नाडी, झोप असं सगळं टिपायचे आणि दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. शिवाय नूतन दोन वेळा फोन करून पेशंटला विचारायची, आता दुखणं दहापैकी किती? तोंडचा आकडा आणि पट्ट्याचा आकडा जुळला तर माणूस खरा. मणक्याशी बसवायची सहा यंत्रं फुकट आली होती, आणि दुखणारे होते तीस. एकदा यंत्र बसलं की वर्षानुवर्षांची कळ थांबते, असं डॉक्टर सांगत. मग काय, ज्याला त्याला आपलंच दुखणं मोठं!

पुष्पाबाई अमळनेरकडच्या एका खेड्यातली, कपाशी वेचणारी. पंचावन्नची असेल. पट्टा बांधताना नूतनने विचारलं होतं, बरं झाल्यावर काय करणार अक्का? बाई म्हणाली, चार वर्षं झाली, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपते. एकदा जमिनीला पाठ लावून झोपायचंय, बस. नूतनला तेव्हा भरून आलं होतं. आता त्याचाच राग येत होता. किती बेमालूम बोलली बाई!

आणि बोलघेवडी तरी किती. पहिल्याच फोनवर आकडा सांगून पुढे आणखी काही सांगू लागली. नूतनचे एकोणतीस फोन बाकी होते. तिने मधेच तोडलं, "अक्का, नुसता आकडा सांगा. बाकीचं काही नको." तेव्हापासून बाई नुसता आकडा सांगायची. एवढं मात्र इमानाने पाळलं.

सहाव्या दिवशी नूतन न कळवता एसटीने गावात गेली. दवाखान्यात कण्हणारी माणसं शेतात कशी असतात, ते तिला चांगलं ठाऊक होतं. बांधावरून तिने पाहिलं. पुष्पाबाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती, शेजारणीशी हसतही होती. वाकत होती, उठत होती. नूतन बाभळीआड अर्धा तास उभी राहिली आणि तशीच परतली.

त्या संध्याकाळी तिने मुद्दाम शांत आवाजात विचारलं, "आज किती, अक्का?"

पलीकडून दमलेला आवाज आला. "आज बारा, माय."

दहापैकी बारा! फोन ठेवल्यावर नूतनला हसू आवरेना. नोंदीच्या रकान्यात दहाच्या वर आकडा चढतच नव्हता, म्हणून तिने दहा लिहिले आणि शेजारी लाल खूण केली. पट्टा साडेसात सांगत होता. दिवसभर वाकल्यावर एवढं कोणाचंही दुखेल, असं तिने स्वतःलाच समजावलं.

यादी करायच्या दिवशी पाच नावं चटकन ठरली. सहाव्या जागेसाठी दोघं उरली, पुष्पाबाई आणि शिरपूरकडचे नथ्थूभाऊ. डॉक्टर पुष्पाबाईचा कागद बराच वेळ बघत बसले. झोपेचा आलेख बरा नाही म्हणाले. बाई खोटं बोलते याची खात्री आहे का, असं त्यांनी नूतनला विचारलं.

"सोळा आणे," नूतन म्हणाली.

नथ्थूभाऊंना यंत्र बसलं. आठव्या दिवशी ते चालत घरी गेले.

पट्टा परत आणायला नूतन पुन्हा त्या गावात गेली. पुष्पाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. नूतनने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की नाव बसलं नाही, तुमचं सांगणं आणि पट्टा जुळला नाही. बाई रडेल, भांडेल, अशी तिने मनाची तयारी केली होती. बाईने फक्त हात धुतले, आतून पट्टा आणला. पुसून, नीट गुंडाळून ठेवला होता.

"मी जे व्हतं तेच सांगं, माय," ती म्हणाली.

नूतनने नजर वळवली. समोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तेवढ्या उंचीवर, तेलाचा मोठा काळा डाग होता. त्याखाली घोंगडी पसरलेली होती. ती तिकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग एसटीची वेळ झाली म्हणून निघू लागली.

पुष्पाबाई तिला सोडेना. दारी आलेली लेक उपाशी जात नाही म्हणाली. नूतनने भूक नसल्याचं सांगितलं, एवढी मोठी भाकरी जाणार नाही म्हणाली.

बाईने तव्यावरची भाकरी उचलली, बरोब्बर मधून मोडली आणि एक तुकडा नूतनच्या ताटात ठेवला.

"आख्खी नको खाऊ. आठ आना तरी खाय."

ताटातल्या अर्ध्या भाकरीकडे बघताना नूतनला पहिली नोंद आठवली: बाई आठ, पट्टा पाच.