दोन कडव्यांच्या मध्ये

“चर्चच्या नव्या संगणकावर गीतांचं ते जुनं सॉफ्टवेअर चालायचं नाही,” असं पाळकसाहेब म्हणाले. मी चालवून दाखवलं. मंडळीची सगळी गीतं त्यात मीच टाईप केलेली. ती मी थोडीच सोडणार होते!

रविवारी उपासनेत मी बटण दाबलं आणि पुढचं कडवं डोळ्याचं पातं लवायच्या आत पडद्यावर आलं. पण कुणी गाईना. पाळकसाहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. जुना संगणक दर कडव्याला अडकायचा आणि तेवढ्या वेळात याकोबकाका पेटीवर एक तुकडा वाजवायचे. सवयीने त्यांनी आजही तो धरला होता. शेजारी एस्तेरमावशींनी दम खाल्ला, चष्मा पुसला. तुकडा संपला, तशी अख्खी मंडळी एका सुरात गाऊ लागली.

मग काय, पुढच्या रविवारी मी प्रत्येक कडव्यानंतर एक कोरी काळी स्लाइड घातली आणि याकोबकाकांचा तुकडा संपेपर्यंत बटणाला हात लावला नाही.

बाहेर पडताना एस्तेरमावशींनी माझा हात दाबला. “बरं केलंस हो, दुरुस्त करून घेतलंस. मागच्या रविवारी ते अगदीच बिघडलं होतं.”