सातवी रात्र फुकट

"बाबा, हे एकाच बाजूचं तिकीट आहे."

लेकीनं कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती. टेबलापलीकडे घड्याळजी बसले होते. घड्याळदुरुस्तीचं दुकान विकून दोन वर्षं झाली होती, तरी सकाळी दहाला टेबलाशी बसायची सवय काही सुटली नव्हती. फडक्यावर हत्यारं मांडून ते एकेक पुसत होते.

"येतानाचं मंगळवारी काढेन. मंगळवारी दर उतरतात," ते म्हणाले.

तिकिटाखाली त्यांच्या बारीक, सरळ अक्षरातली यादी होती. वर ठळक लिहिलं होतं : 'बेट. एकट्यानं. कमीत कमी खर्चात.' खाली विमानतळापर्यंतची साधी बस, बोटीचा सगळ्यात खालच्या वर्गाचा पास, आठ खाटांच्या खोलीतली वरची खाट. 'उन्हाची टोपी विकत घेऊ नये, जावयाची मागावी.'

एरवी ती हसली असती. पण रात्रपाळी संपवून ती तडक इथं आली होती, कारण शेजारीण फोनवर म्हणाली होती, "तुझ्या बाबांनी सगळ्या कुंड्या मला देऊन टाकल्या गं."

खिडकीत कुंड्यांचे ओले गोल तेवढे उरले होते. फ्रिजचं दार उघडं होतं आणि त्याला स्टूल लावून ठेवलं होतं.

"फ्रिज का बंद?"

"मी नसताना चालवायचा कुणासाठी?"

"जायला अजून नऊ दिवस आहेत, बाबा."

त्यांनी पुढचं हत्यार पुसायला घेतलं. ती आतल्या खोलीत जाऊन आली. आईच्या कपाटातले कपडे खाली उतरवले होते. तीन गाठोडी, तिन्हींवर चिठ्ठ्या. एकीवर तिचं नाव होतं.

ती परत येऊन त्यांच्या समोर बसली. असं काही विचारायचं तर आडवळणानं विचारायचं नसतं, हे वॉर्डात नव्या मुलींना तीच शिकवायची. किती जणांच्या खाटेशी बसून तिनं सरळ विचारलं होतं. आज तिनं आधी तिकिटाची घडी घातली, ती उलगडली, आणि मग विचारलं.

"तुम्ही परत येणार आहात ना?"

घड्याळजींनी हातातला चिमटा फडक्यावर ठेवला. तो सरळ केला. पुन्हा सरळ केला.

"तिकीट काढलं तेव्हा नव्हतो येणार."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. ती सरकत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेली, तोवर दोघंही हलले नाहीत.

"कधी काढलं?"

"अठरा दिवस झाले."

"मला फोन का नाही केला?"

"तुझ्या पाळ्या असतात."

तिनं ओठ आत ओढून घेतले. "आणि आता? आत्ता, या घटकेला?"

ते ओशाळले. चोरी पकडली गेल्यासारखे मान खाली घालून सांगू लागले. "तिथं खाटा भाड्यानं देणारी एक बाई आहे. तिला फोन केला. म्हटलं, दोन रात्री पुरे. ती म्हणाली, काका, सहा घ्या, सातवी फुकट. मी नको म्हणून फोन ठेवला."

"मग?"

"मग झोपच लागेना. डोक्यात तेच. फुकटची रात्र, आणि आपण सोडली!"

लेकीच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. तो हसण्याचा होता की रडण्याचा, तिचं तिलाही कळलं नाही. तिनं तोंडावर हात दाबून धरला.

"दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. सात रात्री लिही म्हटलं. तर विचारते, एवढे दिवस काय करणार काका? आता काय सांगू? म्हटलं, घड्याळं दुरुस्त करायचो. तशी म्हणाली, आमच्या जेवणघरातलं भिंतीवरचं बंद पडलंय, बघाल का? कुठल्या बनावटीचं, तर ते तिला सांगता येईना. लंबक आहे आणि ठोके देत नाही, एवढंच." त्यांनी हत्यारांवरून बोट फिरवलं. "खाऱ्या हवेत स्प्रिंगा गंजतात. अडकलं असेल. तेलाची बाटली विमानात नेऊ देतात का गं?"

"छोटी असेल तर देतात."

"छोटीच आहे."

तिनं त्यांचा हात धरला. हाताला तेलाचा वास होता. "उद्या माझ्याबरोबर आमच्या डॉक्टरीणबाईंकडे यायचं. हे सगळं त्यांना सांगायचं. जसंच्या तसं. त्यांनी जा म्हटलं, तरच जायचं."

"फी किती आहे त्यांची?"

"बाबा!"

"येतो."

"गेलात तर रोज संध्याकाळी मला फोन. पाळी असली तरी. आणि येतानाचं तिकीट आत्ता काढायचं."

"मंगळवारी..."

"आत्ता."

तिनं मोबाइल उघडला. वडिलांचं नाव टाइप करताना दोनदा चुकली, जन्मतारीख एकदा. घड्याळजी टेबलावरून वाकून आकड्यांकडे बघत होते. रक्कम आली तेव्हा त्यांनी दातातून श्वास ओढला.

"कुठली जागा ते विचारतायत," ती म्हणाली. "मधली तिकिटातच आहे. खिडकीचे वेगळे पैसे."

त्यांनी यादी पुढं ओढली. पेन्सिल उचलली, आणि तशीच खाली ठेवली.

"जाताना मी मधलीच घेतलीय," ते म्हणाले. मग यादीची घडी घालून ती बाजूला सारली.

"येताना खिडकी घे."