टिचकी

कारखान्यात ती कॅमेऱ्यांची तिळाएवढी भिंगं तपासायची. आत काच नाही, नुसता द्रवाचा थेंब. वीज मिळाली की आकार बदलून जवळचं-लांबचं टिपणारा. नखाने हलकी टिचकी मारायची. थेंबातला उजेड थरथरून लगेच स्थिर झाला, की भिंग पास.

"एवढीशी भिंगं घेतं तरी कोण गं?" नवरा विचारायचा.

"डॉक्टर. पोटात डोकवायला."

एरवी घरात इकडची काडी तिकडे न करणाऱ्या नवऱ्याने परवा स्वतः खिळा ठोकून पलंगासमोर नवं घड्याळ लावलं. आज पुसताना तिला चौकटीवर काळा ठिपका दिसला. डाग निघेना, म्हणून तिने नखाने टिचकी मारली.



ठिपक्यातला उजेड थरथरला आणि लगेच स्थिर झाला.