तपासणीची पेटी

चौऱ्याहत्तर साली, अक्कलकोटच्या वाटेवरच्या आमच्या शाळेत, खो-खो खेळताना माझा गुडघा फुटला. हेडमास्तर गंगाधर गुरुजींच्या टेबलावर प्रथमोपचाराची पेटी होती, कुलूप लावलेली.

"गुर्जी, पेटीत टिंचर हाय की," शाळेची झाडलोट करणाऱ्या सारजाबाई म्हणाल्या.

"आहे म्हणूनच हात लावायचा नाही. पेटी भरलेली पाहिजे, असा सरकारी नियम आहे. तपासणीत बाटली अर्धी दिसली तर?"

सारजाबाईंनी माझ्या गुडघ्यावर हळद दाबली.

पुढच्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले. भरलेली बाटली उजेडात धरून खूश झाले आणि मैदान बघायला निघाले, तोच ठेच लागून आडवे. त्यांचा गुडघा माझ्यापेक्षा जास्त फुटला.

"अहो, टिंचर आणा!"

"साहेब, मग बाटली भरलेली राहत नाही," गुरुजी अदबीनं म्हणाले.

साहेबांनी जरा विचार केला. सारजाबाईंनी पुढं केलेली हळद स्वतःच गुडघ्यावर दाबली आणि शेरेबुक मागवलं.



'प्रथमोपचाराची सोय उत्तम,' असा शेरा आहे. खाली सही, आणि सहीशेजारी साहेबांचा पिवळाधमक अंगठा.