निर्जळी किडनी

“दोन जिने चढून आले मी, आणि तुझं मशीन म्हणतं माझी किडनी एक्केचाळीस टक्केच चालते?”

सुलभावहिनी स्कॅनच्या टेबलावरून उतरायलाच तयार नव्हत्या. नवऱ्याला किडनी द्यायची तर साठ टक्के लागायचे. हल्ली डॉक्टर बघतच नव्हते. मशीन किडनीतून जाणाऱ्या औषधाची वीस मिनिटं फिल्म काढायचं, गणित करायचं आणि आकडा सांगायचं. तोच शेवटचा.

“माझ्यावर ओरडून आकडा वाढतो का, वहिनी?” टेक्निशियन इरफान वैतागला. मग त्याला त्यांचे सुकलेले ओठ दिसले. “पाणी कधी प्यायलात?”

“काल रात्री. आज हरतालिका. त्यांच्यासाठी दरवर्षी निर्जळी करते मी.”

इरफानने कपाळाला हात लावला. अंगात पाणीच नाही, तर औषध किडनीतून पुढे सरकणार कसं? मशीनला वाटलं किडनीच मंद आहे. हरतालिका त्याच्या गणितात नव्हती.

त्याने बाटली पुढे केली. वहिनींनी डोळे मिटून देवीला हात जोडले, मग घटाघटा प्यायल्या.

पुन्हा स्कॅन मागायला एकच बटण होतं, ‘ऑपरेटरची चूक’. मशीनच्या चुकीचं बटणच नव्हतं. इरफानने आपलं नाव टाकून ते दाबलं.

तासाभराने आकडा आला, अडुसष्ट. वहिनी रडायलाच लागल्या. तेवढ्यात दारावरच्या स्क्रीनवर इरफानचा फोटो लाल झाला. चूक करणाऱ्याची नोकरी त्याच दिवशी जायची.

“हे काय रे?”

“काही नाही. उपवास माझ्यामुळे मोडला, देवीलाही तसंच सांगा. मला आता निघायला पाहिजे.”