निजामाचा डबा

तैनाती फौजेचा धडा आनंदराज सर जेवणाच्या डब्यावर शिकवायचे. रेणापूरच्या शाळेत यंदा निजाम झाली शिवानी. तिच्यापुढं तिचाच शेंगापोळ्यांचा डबा ठेवून सरांनी मागच्या बाकाकडं बोट दाखवलं. "हे शेजारी तुझा डबा लुटायला टपलेत. महांतेश कंपनीचा साहेब हाय. तो राखण करतो म्हणतोय, पण पोळ्या द्याव्या लागतील." दरवर्षी निजाम घाबरायचा, साहेब हळूहळू सगळा डबा संपवायचा आणि इंग्रजांचं राज्य कसं पसरलं ते पोरांना कळायचं. शिवानीनं थोडा विचार केला, डबा उचलला आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. "सर, पोळ्या द्यायच्याच हायेत तर ह्या शेजाऱ्यांनाच देते ना. साहेब कशाला पायजे?" महांतेशही साहेबी विसरून त्यांच्यात घुसला. सरांनी खडू ठेवला आणि पोळीसाठी हात पुढं केला. रेणापुरात आज कंपनीचं राज्य आलंच नाही.